केकावर गेलेली पोर

पेणच्या बाजारात अजूनही एखादं जुनं माणूस भेटतं, माझ्या तोंडाकडे निरखून बघतं आणि बरोबरच्याला सांगतं, "ही ती. केकावर गेलेली पोर." मग ते दोघं हसतात आणि त्यांच्याबरोबर मीही हसते. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, रोह्याच्या शाळेत मुलांना मराठी शिकवण्यात नोकरी सरत आली, पण माहेरच्या आळीत माझी ओळख तेवढीच. आईबापांना सोडून मी आत्याकडे राहिले ती एका परदेशी केकापायी, अशी ती गोष्ट. लग्नात ती माझ्या सासरच्यांना सांगून झाली, पुढे माझ्या मुलीला सांगून झाली. गोष्ट गमतीची आहे आणि खोटी आहे. खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण ती माझ्याच मानेच्या एका हालचालीतून जन्मली. मी मुळात कमी बोलणारी बाई. घरात वाद निघाला तर मी उठून भांडी लावायला घेते. पण गेल्या श्रावणात जे झालं ते झाल्यावर मला वाटलं, आता हे लिहून ठेवायला हरकत नाही.

आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आणि पुढे राहतं घर. माघ संपेपर्यंत गणपती शेडमध्ये मावत. पुढे ते पडवीत येत, चैत्रात माजघरात, आणि वैशाखाच्या उन्हात आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी पांढरेशुभ्र, बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं बसलेले असत. घरात चालायचं ते अंग चोरून. दिवसभर पॉलिश पेपरची खसखस, त्यावर रंगाच्या मशीनची घरघर, आणि त्या सगळ्यावर रेडिओ. आई एका हातानं भाकरी थापायची आणि दुसरीकडे ओरडून दादाला सांगायची, "अंगाच्या रंगात पिवळा कमी पडलाय रे, कावीळ झाल्यागत दिसतोय देव!" बाबा आखणीला बसले, म्हणजे डोळे काढायला बसले, की मात्र रेडिओसुद्धा बंद. शिंक आली तर अंगणात पळायचं. मला ते सगळं आवडायचं नाही असं नाही. पण त्या घरात बोलायला तोंड उघडलं की कोणीतरी "थांब गो जरा" म्हणायचं, आणि तो जरा कधी संपायचा नाही.

म्हणून आमच्या आळीत एक रीत होती. हाताखाली कामाला येण्याएवढी पोरं घरी ठेवायची आणि बाकीच्यांना वार्षिक परीक्षा झाली की नातेवाइकांकडे धाडायचं. देवांना जागा हवी! दादा मोठा, तो मूर्ती घासायला राहायचा. माझ्या फ्रॉकच्या घेरानं एकदा एका गणपतीची सोंड मोडली होती, त्यामुळे माझं नाव धाडायच्या यादीत कायमचं लागलं. मालूआत्या, बाबांची धाकटी बहीण, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला राहायची. तिला मूल नव्हतं. तिचे यजमान, आमचे आतोबा, मालवाहू जहाजावर खानसामा होते आणि वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मला नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसवायचे, कंडक्टरला सांगायचे, आणि अष्टमीच्या नाक्यावर आत्या पदर खोचून उभी असायची.

आत्याच्या घरी दोन खोल्या, मागे नदीकडे उतरणारी परसबाग, आणि शांतता. अगदीच शांतता नव्हे. जवळच्या गिरणीत पोहे कांडायचे, त्याचा एकसारखा धडधडाट दुपारभर असायचा, आणि तो थांबला की कान रिकामे झाल्यासारखे वाटायचे. सकाळी त्याच गिरणीतले कोमट पोहे, त्यावर ओलं खोबरं आणि गूळ. दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पावसाळ्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. त्या उकडताना जो वास सुटतो तो आजही कुठे आला तर मी रस्त्यात थांबते. पण खरं सांगायचं तर खाणं पेणलाही चांगलंच होतं, आईच्या हाताला चव आत्यापेक्षा जास्त. फरक दुसराच होता. पुढे मी तिथल्या शाळेत जाऊ लागले तेव्हा, शाळेतून आल्यावर आत्या मला पुढ्यात घेऊन वेणी घालायला बसायची आणि विचारायची, "आज काय झालं?" मी सांगायची. ती म्हणायची, "मग?" मी आणखी सांगायची. ती पुन्हा, "मग?" बाईंनी कोणाला उठाबशा काढायला लावल्या, कोणाच्या डब्यात काय होतं, पुलावरून जाताना कोणाची छत्री उडाली, सगळं तिला हवं असायचं. इतका वेळ माझं बोलणं कोणी ऐकून घेईल हे मला तोवर माहीत नव्हतं.

केक आला त्या वर्षी कारखान्यात काम फार आलं, म्हणून सुट्टी संपल्यावरही मला परत नेलं नाही. गणपतीपुरती रोह्याची शाळा, असं ठरलं. मी सहावीत होते. ऐन श्रावणात आतोबा रजेवर आले आणि त्यांच्या ट्रंकेतून कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून आणलेला एक खोका निघाला. मेक्सिकोच्या बंदरात मिळालेला. आत एकेका कागदात बंद केलेले केक आणि प्रत्येक कागदावर एक बदकाचं पिल्लू. आतोबा म्हणाले, त्याला गान्सितो म्हणतात, तिकडची पोरं शाळेच्या डब्यात नेतात. "बाहेर चॉकलेट, आत मलई आणि लाल जाम. बंदरावर गोदीतले गडीसुद्धा चहाच्या वेळेला हाच खातात." त्यांनी एवढं एका दमात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आत्यानं खोका हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "अंडं हाय काय ह्यात?"

"केक हाय. असणारच."

"मग श्रावणात नाय."

"अगं, लिहिलंय ते स्पॅनिश. वाचता येतंय कोणाला? नसंलही."

"देवाला येतंय वाचता," आत्या म्हणाली, आणि विषय संपला.

चॉकलेट त्या दमट हवेत टिकणार नव्हतं. आमच्या ओळीत फ्रीज एकाच घरी, शेजारच्या रिबकामावशीकडे. ती आमच्या कोकणातली ज्यू. तिची भावंडं, पुतणे सगळे इस्रायलला जाऊन राहिले होते आणि तिला पत्रांतून बोलवत होते. "तिकडं मला बिरडं कोण देणार?" म्हणून ती हलत नव्हती. तिनं खोका बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाली, "मालू, तुझा श्रावण निदान संपंल तरी. माझं काय? आमच्यात चरबी कसली घातलीय ते बघावं लागतं. आता त्या बदकाला विचारू?" आणि मग माझ्याकडे वळून, "शुभे, माझ्या घरात हा केक तुझ्या आत्यापरीस सोवळ्यात बसणार हाय, काळजी करू नको." मी रोज शाळेतून येताना तिच्याकडे डोकावायची. ती कप्प्याचं दार किलकिलं करून दाखवायची. वाफेसारखं गार धुकं, आणि त्यात ते पिल्लू.

गौरीगणपती गेले. आईबाबा मला न्यायला अष्टमीला आले. त्यांना मी त्या दिवशी दारात बघितलं ते अजून दिसतं. बाबांच्या नखांत सोनेरी रंग तसाच, आणि आईचे डोळे झोप राहून सुजलेले. हंगामभर दोघं नीट झोपलेली नव्हती. आत्यानं केक आणवले. कागद फाडताना बाबांनी तो आधी हातात धरून सगळ्या बाजूंनी बघितला; वरची गोलाई, चॉकलेटवरची बारीक भुरभुर, खालची सपाट बैठक. "फिनिशिंग चांगलं हाय," ते म्हणाले. मग सगळ्यांनी खाल्ला. बर्फात राहिल्यामुळे चॉकलेट दाताखाली कडकन मोडायचं आणि आतला जाम जिभेवर हळूहळू सुटायचा. आईनं मात्र आपला पुढ्यात तसाच ठेवला होता. तो तिनं माझ्या ताटलीत सरकवला. "माझा दात दुखतोय. तू खा."

मी तोही खाल्ला. मग आई म्हणाली, "चल, कपडे भर. पाचची गाडी गाठायचीय."

मी म्हटलं, "मी इथंच राहते."

आत्या ताटल्या गोळा करत होती, तिचे हात तसेच राहिले. आईनं विचारलं, "का गो?" तिनं रागानं विचारलं नव्हतं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर माहीत होतं, अकरा वर्षांच्या मुलीला माहीत असतं. पण ते आईच्या तोंडावर, त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत, कसं सांगणार? मी खाली बघत राहिले. खाली ताटलीत बदकाचा कागद होता. आईची नजर माझ्या नजरेमागून तिथे गेली आणि ती एकदम हसली. "अगो बाई! केकासाठी व्हय?"

मी मान हलवली.

सगळे हसले. आतोबा म्हणाले, "माझ्यावर आळ आला म्हणायचा!" बाबा तर फारच खूश झाले, कारण अडचण त्यांच्या धंद्यातली निघाली. "एवढंच ना? एक मला बांधून दे मालू. साचाच काढतो त्याचा. मग काय, घरच्या घरी! मग येशील ना गो?" मी त्यालाही मान हलवली. दिवाळीपर्यंत मी राहायचं ठरलं. आत्या हसली नव्हती. ती चहा टाकायला आत गेली होती.

पुढचं मला दादानं सांगितलं. बाबांनी गोठलेला केक बर्फाच्या डब्यातून पेणला नेला, पाटावर ठेवला आणि मूर्तीला लावतात तसं त्याला साबणाचं पाणी लावलं, म्हणजे साचा सुटून येतो. मग त्यावर प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट होताना चांगलं तापतं, हे पेणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांचा जन्म त्यात गेलेला. पण समोर आकार दिसला की त्यांना वस्तू दिसत नसे. साचा उलटा केला तेव्हा आतून चॉकलेट, मलई आणि साबण यांचा पाझर लागला. दादानं बोट लावून चाटलं आणि म्हणाला, "जाम बरा हाय, पण फेस येतोय." आई हसून हसून खांबाला टेकली म्हणे. साचा मात्र आला. धुऊन, वाळवून, घासून बाबांनी तो गुळगुळीत केला.

दिवाळीत आई एकटीच आली, मांडीवर पितळी डबा घेऊन. साच्यात तूप लावलेलं केळीचं पान घालून तिनं खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या, अगदी त्या केकाएवढ्या, त्याच गोलाईच्या. मधे करवंदाचा मुरंबा भरलेला, लाल दिसावा म्हणून. वर पातळ केलेलं चॉकलेट. आणि एकेक वडी कागदात गुंडाळलेली, त्या प्रत्येक कागदावर बाबांनी रंगानं बदकाचं पिल्लू काढलं होतं. फक्त डोळे त्यांना दुसरे येत नव्हते. लांब, अर्धमिटले, शांत डोळे. ती सगळी पिल्लं माझ्याकडे गणपतीसारखी बघत होती.

मी एक खाल्ली. आजवर खाल्लेल्या गोड पदार्थांत तिच्याएवढं चांगलं मी काही खाल्लेलं नाही. हे मला तेव्हाही कळलं होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "लागतंय तसं?"

मी म्हटलं, "नाय. हा तसला नाय लागत."

आई म्हणाली, "कसा लागंल? तिकडचं दूध वेगळं, पाणी वेगळं." वड्या आत्याच्या ताटात काढून ठेवून तिनं डबा धुतला, पुसला आणि पिशवीत घातला. एकटीच परत जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला मुरंब्याचा वास होता. त्या संध्याकाळी आत्यानं वेणी घालताना विचारलं, "केकाचं नाव कशाला सांगितलंस गो?" मी म्हटलं, "मग काय सांगू?" तिच्या बोटांत माझे केस तसेच थांबले. मग तिनं वेणी पुरी केली, घट्ट, नेहमीपेक्षा घट्ट. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. पुढच्या हंगामात खोका आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही, आणि मी दहावी होऊन, कॉलेज होऊन, लग्न होईपर्यंत त्याच घरी राहिले. सुट्टीला पेणला जायची आणि पाहुणीसारखी परत यायची. रिबकामावशी मात्र शेवटपर्यंत इस्रायलला गेली नाही, आणि केकाची चवही तिनं घेतली नाही.

मी तिथे सुखात होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. दुःखात असते तर गोष्ट सोपी झाली असती; मग आईला सोडून राहिल्याचं कोणीही माफ केलं असतं. पण मी सुखात होते, रोज, साध्या साध्या गोष्टींत, आणि त्या सुखाच्या बदल्यात पेणला माझी आई हसत हसत लोकांना सांगत होती की आपली मुलगी खाऊला भुलली. तो विनोद मला फार सोयीचा होता. म्हणून मी तो कधी मोडला नाही. बाबा गेले, आतोबा गेले, मालूआत्याला मी माझ्या हातांनी शेवटचं पाणी पाजलं, तरी नाही.

गेल्या श्रावणात माझ्या मुलीची मैत्रीण मेक्सिकोहून आली आणि येताना तोच खोका घेऊन आली. आता जग इतकं लहान झालं आहे की त्यात नवल राहिलं नाही. पिल्लू थोडं बदललंय, पण ओळखू येतं. मी एक पिशवीत टाकला आणि पेणला गेले. कारखाना आता दादा बघतो. घरभर गणपती, तीच घरघर, तीच खसखस. आई ऐंशीच्या पुढची, माजघरात खाटेवर बसून मुकुटाच्या खड्यांवर नजर ठेवून असते. मी तो कागदासकट तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"बदकाचा? तोच काय गो हा?"

"तोच. पण आई, श्रावण आहे. नंतर खा."

"नंतर कधी? मी काय आता बसून राहणार हाय?" तिनं कागद फाडलासुद्धा. "दादाला सांगू नको. त्या वक्ताला दात नव्हता दुखत माझा. मला खायचा होता. पण तू असली बघत होतीस त्याच्याकडे." तिनं घास घेतला. सावकाश, चघळत, एखादी मूर्ती तपासावी तशी मान कलती करून. मग तिनं उरलेल्या तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढाच?"

"एवढाच."

"ह्याच्यापरीस माझी वडी चांगली होती."

"होती, आई. तेव्हाही होती."

ती चघळायची थांबली. शेडमधली मशीन चालू होती. मी तिच्या हातातला केक बघत होते, तिच्याकडे नाही, म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं. मी म्हटलं, "आई, मी ह्याच्यासाठी राहिले नव्हते."

तिनं उरलेला तुकडा कागदात गुंडाळला, उशीशेजारी ठेवला आणि लुगड्याला बोटं पुसली. "बरं झालं," ती म्हणाली. "मला तेच खात होतं गो इतकी वर्षं. माझं पोर खाऊवर गेलं म्हणून. लोकांत हसायची मी. पण घरी आल्यावर वाटायचं, एवढ्याशा गोडावर जाईल असं काय कमी केलं मी हिला? माणसासाठी राहिली असंल तर वेगळं. माणसासाठी माणूस राहतं." आणि थोड्या वेळानं, "मालू वेणी घालायची तुला?"

"रोज."

"आणि?"

मला तिला सांगायचं होतं की आत्या ऐकायची, पण तेवढ्यात दारातून दादा डोकावला. "आई, पितांबराचा रंग बघतेस काय जरा? लोक खोळंबलेत." आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर करून म्हणाली, "थांब रे जरा." मग खाटेवर सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली, पाठ माझ्याकडे कर अशी खूण केली, आणि माझे हे आखूड, पिकलेले केस, ज्यांची वेणी व्हायचे दिवस कधीच गेले, दोन्ही हातांनी मागे घेतले.

मी सांगायला लागले. पोह्यांच्या गिरणीपासून.

"मग?" आई म्हणाली.